परमुलुखाच्या कारभाराचें शिक्षण

एका देशांत वाढलेल्या मनुष्यानें दुसऱ्या देशांतील लोकांकडून काम कसें करून घ्यावें, हा विषय अलीकडे विद्यापीठांतून व मोठमोठ्या कारखान्यांतून रीतसर शिकविला जातो. १९८९ नंतर पूर्व युरोपांतील राष्ट्रांनीं सरकारी अर्थव्यवस्था टाकून बाजारी व्यवस्था पत्करली आणि १९९१ नंतर आपल्याकडेहि परदेशीय भांडवलास दारें मोकळीं झालीं. तेव्हांपासून मॉस्को, वार्सा अथवा आपलें पुणें येथें पाठविल्या जाणाऱ्या व्यवस्थापकांस त्या त्या लोकांच्या चालीरीतींची ओळख करून देणारे वर्ग जागोजाग निघाले आहेत. हॉलंडमधील पंडित गेर्ट हॉफस्टेड यांनीं एका अमेरिकन यंत्रकंपनीच्या निरनिराळ्या देशांतील नोकरवर्गाची तुलना करून १९८० सालीं जो ग्रंथ प्रसिद्ध केला, तो या शास्त्राचा एक पायाच समजला जातो. या शास्त्राचे उपाध्याय तें जणूं काल जन्मास आलें अशा थाटानें बोलतात. परंतु हाच प्रयोग आपल्या महाराष्ट्रांत दोनशें वर्षांपूर्वीं पूर्ण प्रमाणावर होऊन गेला आहे. त्याचे शिक्षक, विद्यार्थी, पाठ्यपुस्तकें, परीक्षा आणि नापास झालेल्यांचे परिणाम, सर्व कांहीं कागदोपत्रीं उपलब्ध आहे. आणि त्याचा खर्च वर्गांत न बसलेल्या लोकांनीं भरला, हेंहि त्याच कागदांवरून दिसतें.

हा लेख आम्ही बुलढाणें जिल्ह्यांतील धामणगाव बढे या गांवीं बसून लिहीत आहों. मोताळा तालुक्यांतील हें गांव वऱ्हाडांतलें. येथील शेतांच्या बांधांचा, क्रमांकांचा व आकाराचा इतिहास शोधूं लागलें म्हणजे वाट वऱ्हाडांतून निघून पुणें जिल्ह्यांतील इंदापुरास, आणि तेथून थेट इंग्लंडांतील एका विद्यालयाच्या वर्गांत जाते. वाचकांनीं या प्रवासांत थोडा वेळ आमच्याबरोबर यावें.

१७९८ सालीं गव्हर्नर जनरल होऊन आलेल्या वेलस्ली साहेबांस एक गोष्ट ताबडतोब दिसली. कंपनीचे नोकर 'रायटर' म्हणजे कारकून म्हणून सोळा-सतरा वर्षांच्या वयांत येत, आणि पुढें त्यांच्याच हातीं न्याय, वसुली व तहनामे जात. पण त्यांचें शिक्षण मात्र व्यापाऱ्याच्या पेढीवरील उमेदवाराचें. म्हणून त्यांनीं १८०० सालीं कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेज काढलें. तेथें मराठी शिकविण्याचें काम श्रीरामपूरच्या विल्यम केरीकडे आलें. केरीचें मराठी व्याकरण १८०५ त आणि कोश १८१० त बाहेर पडला, व या कोशांतील मराठी शब्द मोडी लिपींत छापले होते. हीं पुस्तकें केरीच्या नांवानें चालतात. परंतु त्यांच्यामागें वैजनाथ शर्मा हे नागपूरकडील पंडित होते, आणि मराठींतील आरंभींच्या छापील गद्यापैकीं बराच भाग त्यांच्या हातचा आहे. साहेबांस आमची भाषा शिकवितां शिकवितां आमच्या भाषेस छापील गद्य मिळालें, हा या खटाटोपाचा एक अनपेक्षित लाभ होय. पुढें मुंबई इलाख्यांत हेंच काम जगन्नाथशास्त्री क्रमवंत प्रभृति शास्त्रीमंडळीनें १८२९ च्या कोशांत, आणि मोल्सवर्थनें कँडी बंधूंच्या साहाय्यानें १८३१ च्या कोशांत, केवढ्या योग्यतेनें केलें हें सांगावयास नकोच. मोल्सवर्थचा कोश आज आमच्या टेबलावर आहे, आणि तो तेथून हलेल असें वाटत नाहीं.

कंपनीच्या डायरेक्टरांस मात्र वेलस्लीचा हा थाट मानवला नाहीं. शिक्षण द्यावयाचेंच तर तें आपल्या डोळ्यांसमोर द्यावें, असें म्हणून त्यांनीं १८०६ सालीं स्वदेशींच ईस्ट इंडिया कॉलेज उघडलें. तें प्रथम हर्टफर्ड येथें व १८०९ पासून हेलीबरीस होतें. तेथें इतिहास व अर्थशास्त्र शिकवावयास नेमलेला अध्यापक म्हणजे लोकसंख्येच्या सिद्धांतामुळें जगप्रसिद्ध झालेला माल्थस. तो १८३४ त मरेपर्यंत त्या जागेवर होता. म्हणजे हिंदुस्थानच्या खेड्यापाड्यांवर अधिकार चालविणाऱ्या कित्येक पिढ्यांनीं अर्थशास्त्राचे धडे त्या शास्त्राच्या एका मूळ आचार्याच्या तोंडून घेतले. इतका विद्वान् गुरु आजच्या कोणत्याहि व्यवस्थापनशाळेस लाभला असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

इकडे १८१८ त पेशवाई बुडाली. एल्फिन्स्टन साहेबांनीं जिंकलेला मुलूख ज्यांच्या स्वाधीन केला ते पुण्याचे रॉबर्टसन, साताऱ्याचे ग्रँट (पुढें मराठ्यांचा इतिहास लिहिणारे), नगरचे पॉटिंजर आणि खानदेशचे ब्रिग्ज हे चौघेहि लष्करी कप्तान होते. त्यांची पाठशाळा म्हणजे वकिलाती, छावण्या आणि मुनशींची संगत. एल्फिन्स्टनचें त्यांस धोरण घालून दिलेलें होतें तें असें कीं, जें चालत आलें आहे तें आधीं समजून घ्यावें आणि शक्य तितकें तसेंच चालूं द्यावें. या धोरणांत औदार्य किती आणि सावधगिरी किती याचा वाद इतिहासकारांनीं घालावा. आम्हांस एवढेंच दिसतें कीं, गांव, पाटील, देशमुख, मिरासदार, उपरी या शब्दांच्या मागें कोणकोणते हक्क व मानपान उभे आहेत हें विचारण्याची संवय या मंडळीस होती. आणि १८१९ सालच्या एल्फिन्स्टनच्या अहवालांत त्या विचारपुशीचें फळ उतरलें आहे.

पण केवळ चालू ठेवणें पुरेना. पेशवाईच्या अखेरीस मक्त्यांनीं गांवें पिळून निघालीं होतीं. जुना हिशेब गांवाचा असे, शेताचा नसे. कमाविसदार पाटलाशीं बोलणें करून गांवाचा एकंदर आंकडा ठरवी, आणि तो रयतेवर कसा बसवावयाचा हें गांव आपसांत पाही. वाईट सालीं सूट मिळे, चांगल्या सालीं पट्ट्या बसत. शेंकडों वर्षें चाललेली ही घासाघीस मोडून तिच्या जागीं नेमका, कायम व लेखी आकार आणावयाचा होता. आजच्या भाषेंत बोलावयाचें तर ही एका अर्थव्यवस्थेची दुसरींत संक्रांति होती. तें काम ज्याच्याकडे आलें तो रॉबर्ट कीथ प्रिंगल हा हेलीबरीचा पदवीधर, आणि माल्थसच्या तेथील हुषार शिष्यांपैकीं एक.

प्रिंगल हा आळशी किंवा दुष्ट अधिकारी नव्हता, हें आरंभींच सांगितलें पाहिजे. उलट, त्याच्याइतक्या निष्ठेनें कामास लागलेले अधिकारी थोडे. १८२७ च्या सुमारास त्यानें दख्खनच्या मोजणीचें काम हातीं घेतलें आणि १८२८ सालीं आपला प्रसिद्ध अहवाल सादर केला. गुरूंनीं शिकविलेला खंडाचा सिद्धांत त्याच्या मनांत पक्का होता: एकूण उत्पन्नांतून मशागतीचा खर्च आणि कुळाचा वाजवी नफा वजा जातां जें उरतें तो खरा खंड; सरकार हें जमिनीचें धनी; म्हणून त्या उरलेल्या भागांतला ठराविक हिस्सा सरकारनें घेतल्यास कोणावरहि अन्याय होत नाहीं आणि धान्याचा भावहि वाढत नाहीं. लंडनच्या कचेरींत बसलेल्या जेम्स मिललाहि हें तत्त्व पूर्ण मान्य होतें. तेव्हां आतां उरलें तें फक्त गणित. प्रत्येक प्रतीच्या जमिनींत काय पिकतें, बैल किती, बीं किती, मजुरी किती, हें लिहून काढावयाचें, वजाबाकी करावयाची, आणि बाकीच्या शेंकडा ५५ सरकारचे.

वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं शेती असेल त्यांस येथें हंसूं आल्यावांचून राहणार नाहीं. बाजरीच्या खळ्यावर पायल्यांची मोजणी चालली असतां कोरडवाहू शेतकऱ्यास 'तुझा मशागतीचा खर्च किती?' असें विचारून पहावें. घरच्या बैलांची किंमत कशी धरावी? बायकामुलांच्या खुरपणीची मजुरी कोणत्या दरानें? बलुतेदारांस खळ्यावर दिलेलें धान्य खर्चांत कीं धर्मांत? आणि विचारणारा सरकारचा मनुष्य आहे, उत्तरावर सारा ठरणार आहे, हें ठाऊक असतां शेतकऱ्यानें उत्पन्न पूर्ण सांगावें तरी कां? प्रिंगलला हीं उत्तरें हजारों शेतांची हवीं होतीं, आणि तीं तो स्वतः गोळा करूं शकत नव्हता. तें काम तुटपुंज्या पगाराच्या कारकुनांवर पडलें. ज्याच्या एका टिंबानें शेताची प्रत चढते किंवा उतरते त्या कारकुनास वश करण्याची किल्ली गांवांतल्या वजनदार लोकांस माहीत होती. धनिकांचीं शेतें हलकीं ठरलीं, दुबळ्यांचीं भारी ठरलीं. कागदावर मात्र सर्व कांहीं अपूर्णांकापर्यंत बरोबर!

१८३० च्या सुमारास हा आकार इंदापूर तालुक्यांत सुरू झाला. इंदापूर हा पर्जन्यछायेचा मुलूख. एका बाजूस धान्याचे भाव पडलेले, दुसऱ्या बाजूस पावसानें दगा दिलेला. आणि आकार नगद रुपयांत. न्यायानें बोलावयाचें तर या दोन्ही गोष्टी प्रिंगलच्या हातच्या नव्हत्या. पण जुन्या व्यवस्थेंत अशा वेळीं बोलणीं करावयास जागा असे. नव्या व्यवस्थेंत आंकडा शास्त्रसिद्ध, मग बोलणें कसलें? बाकी तुंबत गेली, तिच्या वसुलीसाठीं हाताखालच्या लोकांनीं रयतेचा छळ केला, शेतें पडीक राहूं लागलीं, आणि पुष्कळ कुटुंबें गांव सोडून शेजारच्या संस्थानी मुलखांत निघून गेलीं. सरकारास दरवर्षीं सूट द्यावी लागे, म्हणजे शास्त्रोक्त आकार कोठेंच वसूल होत नसे. अखेर ती सर्व मोजणी टाकून द्यावी लागली. प्रिंगलच्या बढतीस यानें बाध आला नाहीं. १८४७ सालीं नेपियरच्या मागून सिंध प्रांताची कमिशनरी त्यास मिळाली. शिकाऊ वैद्याच्या हातून रोगी दगावला तरी वैद्य पुढें धन्वंतरि होतो, तशांतलाच हा प्रकार.

१८३५ सालीं इंदापुरास जो तरुण असिस्टंट आला तो हेन्री गोल्डस्मिड हाहि त्याच कंपनीच्या मुलकी नोकरींतला, वय अवघें तेवीस. त्याच्या जोडीस विंगेट नांवाचा इंजिनियर पलटणींतील लेफ्टनंट मिळाला. या दोघांनीं सिद्धांताचें खंडन करणारा ग्रंथ लिहिला नाहीं. त्यांनीं तो सिद्धांत मुकाट्यानें बाजूस ठेविला. शेताचें निव्वळ उत्पन्न आपणांस कळणार नाहीं, ही गोष्ट एकदां कबूल केल्यावर त्यांचें काम सोपें झालें. तालुक्यानें मागील वर्षांत प्रत्यक्ष किती भरलें, कोणत्या सालीं लागवड वाढली व कोणत्या सालीं बसली, बाजार किती दूर आहे, पाऊस कसा आहे, हें पाहून तालुक्याचा दर ठरवावयाचा, आणि तोहि हात आंखडून. मग शेताशेतांतील फरकापुरती प्रतबंदी करावयाची. ती कशी? शेतांत पहार घालून मातीची खोली हातानें मोजावयाची, आणि मातीची जात डोळ्यांनीं पहावयाची. पावणेदोन हात खोल काळी म्हणजे सोळा आणे. तेथून उतरत उतरत नववी प्रत दोन आण्यांची. 'आणेवारी' हा शब्द या हिशेबांत ज्या अर्थानें आला, त्याहून आजचा पिकाचा अर्थ निराळा आहे, तरी घरोब्याचें नातें तेंच.

या प्रतबंदींतील सर्वांत बोलकी गोष्ट निराळीच आहे. जमिनीचे जे सात दोष मोजणीच्या नकाशावर खुणांनीं दाखवीत त्यांचीं नांवें १८४७ च्या संयुक्त अहवालांत नमूद आहेत. चुनखड, वाळसर, उतरवट, धुपट, उपळवट अशीं तीं नांवें माल्थसच्या वर्गांतलीं नव्हेत. तीं नांगरामागें चालणाऱ्या माणसाच्या तोंडचीं आहेत. केव्हां तरी कोणा कुणब्यानें बांधावर उभें राहून साहेबास सांगितलें असलें पाहिजे कीं, हें शेत दिसावयास काळें आहे खरें, पण उपळतें. साहेबानें तें वहींत टिपलें, आणि त्या टिपणाचा सरकारी नियम झाला. ज्यास आज 'परसंस्कृतीचें ज्ञान' असें भारदस्त नांव आहे त्याचा इतका निखळ पुरावा आमच्या पाहण्यांत दुसरा नाहीं. कारकुनांच्या लबाडीवरहि त्यानें उपाय शोधला, तो उपदेशाचा नव्हे: त्यांनीं लाविलेल्या प्रतींपैकीं कांहीं शेतें वरिष्ठानें पुन्हां स्वतः खणून पहावयाचीं. १८३६ पासून इंदापुरास तीस वर्षांचा करार सुरू झाला आणि पडीक जमिनी पुन्हां नांगराखालीं आल्या. गोल्डस्मिड १८५५ त, ऐन उमेदीच्या वयांत, कैरो येथें वारला.

आतां वऱ्हाडाकडे वळूं. १८५३ च्या तहानें निजामानें फौजेच्या खर्चासाठीं हा प्रांत इंग्रजांकडे लावून दिला. त्यापूर्वींच्या काळांत येथें इजारदारी माजलेली. सावकारी पेढ्याच परगण्यांचा वसूल मक्त्यानें घेत. त्यांतलीच एक पारशांची विकाजी-पेस्तनजींची पेढी. १८२५-२६ सालीं पांचशें बैलांवर कापूस लादून त्यांनीं तो वऱ्हाडांतून मुंबईस नेला, म्हणजे बाजाराचा वारा येथें इंग्रजी अंमलाच्या आधींच पोंचला होता. पुढें संक्रांतीचा वेग असा वाढला कीं, पुण्याकडे जें पन्नास वर्षांत झालें तें येथें पंधरांत झालें. अमेरिकेंतील १८६१ ते १८६५ च्या यादवीनें कापसाचे भाव चढविले. मलकापुरावरून आगगाडी गेली व १८६७ सालीं ती नागपुरास पोंचली. १८७० त जलंबपासून खामगांवपर्यंत फांटा झाला. आणि याच दशकांत मुंबईच्या मोजणी खात्याची पद्धत, म्हणजे इंदापूरची पहार व नऊ प्रती, वऱ्हाडच्या शेतांत येऊन उभी राहिली.

हेलीबरी त्यापूर्वींच, १८५८ च्या आरंभीं, बंद झाली होती. वऱ्हाडांत आलेल्या अधिकाऱ्यांत पुष्कळ लष्करी पेशाचे असत. त्यांतील एकाचा येथें उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं, कारण त्याचें नांव बुलढाण्याशीं निगडित आहे. मेडोज टेलर हा पंधरा वर्षांचा असतां १८२४ सालीं मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे नोकरीस म्हणून आला. पेढीचें दिवाळें वाजण्याच्या बेतांत होतें, म्हणून निजामाच्या फौजेंत शिरला. कॉलेज त्यानें पाहिलें नव्हतें. सुरापूर संस्थानचा कारभार त्यानें १८४१ पासून बारा वर्षें पाहिला, मग नळदुर्ग जिल्हा संभाळला. हैदराबादच्या पामर सावकारांची मुलगी त्याची पत्नी, म्हणजे घरांतच दोन संस्कृतींचा संसार. १८५७ च्या बंडाच्या धामधुमींत रेसिडेंटानें त्यास बुलढाण्याकडे धाडलें. बरोबर द्यावयास सैन्य नव्हतें, आणि तसें त्यास स्पष्ट कळविण्यांत आलें होतें. त्याच्या जिल्ह्यांत शांतता राहिली. ही हकीकत मुख्यत्वें त्याच्याच आत्मचरित्रांतून आपणांस कळते, आणि आत्मचरित्रांतला मनुष्य नेहमींच जरा बरा दिसतो; शिवाय वऱ्हाडच्या शांततेचीं दुसरींहि कारणें असतीलच. तरी तीस वर्षें लोकांत वावरलेला मनुष्य अशा वेळीं काय कामास येतो हें रेसिडेंटास ठाऊक होतें, म्हणून तर पलटणीऐवजीं त्यास पाठविलें.

येथें कोणी म्हणेल कीं, मग पुस्तकी प्रिंगल वाईट आणि अनुभवी गोल्डस्मिड चांगला, एवढेंच ना? इतकें सरळ असतें तर बरें होतें. गोल्डस्मिड-विंगेटनें माती पाहिली, पण मातीच्या मालकाचे हात कोणाच्या हातांत गुंतले आहेत हें त्यांच्या नऊ प्रतींत बसत नव्हतें. आकार हलका झाला, हक्क कायम व विकाऊ झाला, म्हणून जमिनीस किंमत आली. आणि किंमत आली म्हणून ती गहाण पडूं लागली. पूर्वीं सावकारास गांवची भीड धरावी लागे. आतां त्याच्या पाठीशीं दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा आला. विंगेटला हें स्वतःस दिसलें. १८५२ सालींच त्यानें सरकारास लिहून कळविलें कीं, नवीन कायद्यानें सावकाराच्या हातीं रयत बांधून दिली जात आहे. कोणी फारसें मनावर घेतलें नाहीं. मे १८७५ त पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें बाजाराच्या दिवशीं लोकांनीं सावकारांचे दस्तऐवज काढून जाळले, तेव्हां कमिशन बसलें, आणि १८७९ चा शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. इशारा आणि उपाय यांत सत्तावीस वर्षें गेलीं.

वऱ्हाडांतहि ती पद्धत आली ती अशा गुणदोषांसकट. पूर्णेच्या खोऱ्यांतील काळी पुष्कळ ठिकाणीं पावणेदोन हातांच्या कितीतरी खालीं जाते. इंदापूरच्या पट्टीनें मोजली तर ती सहज सोळा आण्यांची. पण त्याच खोऱ्याच्या मोठ्या भागांत विहीर खणली तर पाणी खारें लागतें, आणि त्या सात दोषांच्या यादींत खाऱ्या पाण्यास खूण नव्हती, कारण ती यादी सांगणारा कुणबी इंदापूरचा होता. देशमुख-देशपांड्यांचें मध्यस्थीचें काम या नव्या व्यवस्थेंत संपलें. पाटील आणि पटवारी राहिले. साहेबाचा स्वभाव कसा, त्यास अर्ज कोणत्या वेळीं द्यावा, मोजणीच्या कारकुनाशीं किती बोलावें व किती गप्प बसावें, हें दुसऱ्या बाजूचें शिक्षण त्यांनीं कोणत्याहि कॉलेजाशिवाय संपादन केलें. त्याचा अभ्यासक्रम कोणी लिहून ठेविला नाहीं, ही इतिहासाची मोठी हानि आहे असें आम्ही समजतों.

धामणगाव बढे येथील तलाठ्याकडून आज सातबाराचा उतारा घेतला तर क्षेत्राच्या आंकड्याजवळ 'आकारणी' म्हणून रुपये-पैशांत एक लहानशी रक्कम लिहिलेली आढळते. पीककर्ज काढणारा किंवा वाटणी करणारा मनुष्य तिकडे पाहत नाहीं. ती रक्कम एका चहाच्या किंमतीइतकीहि कित्येकदां नसते. गटांचे क्रमांक बदलले, मोजमाप एकरांतून हेक्टरांत गेलें, पण तो आंकडा ज्या हिशेबानें प्रथम बसविला गेला त्यांत पहारीनें खणलेल्या खड्ड्याची खोली धरलेली आहे.